शेगडीची तार

माणसाच्या स्वभावाशी अगदी जवळचे नाते असलेली विजेची वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी दिव्याचे नाव घेणार नाही, की पंख्याचे घेणार नाही. मी कॉइलच्या शेगडीचे नाव घेईन. तुम्ही हसाल. हल्ली घरोघर गुळगुळीत काचेच्या इंडक्शन शेगड्या आल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नाही. कॉइलच्या शेगडीचे तसे नाही. तिच्या मनात जे असेल ते लाल होऊन चेहऱ्यावर येते. चिनी मातीची थाळी, त्या थाळीत गोल गोल फिरत गेलेली खाच आणि खाचेत पहुडलेली तार, एवढाच तिचा संसार!

पुण्यातल्या आमच्या वाड्यात अशी एक शेगडी होती. गॅसचा सिलिंडर संपला की दुसरा येईपर्यंतचे दिवस तीच निभावून नेई. ती बिघडली की दुरुस्तीचा मान आमच्या अण्णांचा. अण्णा बँकेतले कारकून. पण शेगडीपुढे बसले की वैद्यासारखे दिसत. "तार कुठे तुटली हे कुणीही सांगेल, का तुटली ते सांग," असे ते मला विचारत. आधी पिन भिंतीतून काढायची, बटण बंद करून भागायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. तार उघडी असते. विजेला आपपर कळत नाही.

ही तार नायक्रोमची. साधी लोखंडी तार इतकी तापवली तर हवेतल्या प्राणवायूने थोड्याच काळात खाऊन टाकली असती. १९०६ साली अल्बर्ट मार्श या अमेरिकन गृहस्थाने निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले, आणि विजेवर स्वयंपाक करणे सोपे झाले. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. आपल्यापैकी पुष्कळ माणसेही अशीच टिकतात.

अण्णांच्या निदानात तीन रोग असत. पहिला, वेढ्यांची दाटी. तारेत सगळीकडे प्रवाह सारखाच वाहतो. पण जिथे वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, तिथे ते एकमेकांनाच भाजतात. बाकीची तार काळसर तांबडी आणि तेवढी जागा लालभडक दिसली, की ती उद्या तिथेच तुटणार हे समजावे. दुसरा रोग म्हणजे सैल स्क्रू. तारेची टोके चिनी मातीच्या मण्यांतून जाऊन स्क्रूखाली दाबलेली असतात. तिथे पकड ढिली झाली की उष्णता थाळीत न येता सांध्यातच साठते, पितळ काळे पडते, आणि आपण मात्र तारेला दोष देत बसतो.

तिसरा रोग सर्वांत फसवा. कारण तो औषधासारखा दिसतो. तार तुटली की दोन्ही टोके एकमेकांत अडकवून पिळली, शेगडी पुन्हा पेटली, काम झाले! परंतु जोडताना तार थोडी आखूड होते. हजार वॅटच्या तारेचा रोध २३० व्होल्टवर सुमारे ५३ ओहम असतो. तिचा दहावा हिस्सा कमी झाला तर रोध ४८ च्या आत येतो, प्रवाह वाढतो, आणि उरलेल्या तारेच्या प्रत्येक इंचाला पूर्वीपेक्षा जवळजवळ पाव पट जास्त तापावे लागते. शिवाय एकदा तापून निघालेली तार ठिसूळ झालेली असते. पहिली जोड महिनाभर चाले, दुसरी आठवडाभर. तिसऱ्या वेळी अण्णा म्हणत, "आता ही चिडकी झाली." मग ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवी तार आणीत.

नवी तार बसवणे हा सोहळाच. ती घट्ट वळलेली, आखूड. खाचेत दोरा फिरवून मोजून घ्यायचा आणि तार त्या मापाची होईपर्यंत ताणायची. एकट्याने हिसके देत ताणली तर कुठे विरळ, कुठे दाट. म्हणून दोघे लागतात. एका टोकाला अण्णा आणि दुसऱ्या टोकाला वाड्याच्या पलीकडच्या दोन खोल्यांत राहणारे काका, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

१९९१ साली तो मोडला. वाईजवळच्या आजोबांच्या घरावरून दोघा भावांत बोलाचाली झाली आणि अबोला धरला गेला. मी दहा वर्षांचा. तारेचे दुसरे टोक माझ्या हाती आले. दोन वर्षांनी भाऊबीजेला आत्याने पाट शेजारी शेजारी मांडले आणि सांगितले, "ओवाळीन तर दोघांना, नाहीतर निरांजन विझवते." दोघे बसले. वाड्याला आनंद झाला.

पण तार आखूड झालेली होती. काका म्हणत, "यंदा पाऊस फार." अण्णा म्हणत, "हो ना, तिकडची कौले गळत असतील." झाले! एवढ्यावर दोघांचे चेहरे लाल. समेट खरा होता, प्रेमही खरे होते. पण ज्या जागी तुटले त्याच जागी पीळ घालून जोडले होते, आणि तो पीळ प्रत्येक बोलण्यात तापत होता.

पुढच्या उन्हाळ्यात शेगडीची तार तुटली. अण्णांनी नवी आणली. मी टोक धरायला पुढे झालो, तर ते म्हणाले, "तू राहू दे. काकांना बोलव." काका आले, काही न बोलता समोर बसले. तार हळूहळू लांबू लागली. मध्येच काका म्हणाले, "बाळू, ते घर कुसुमलाच देऊन टाकू. ती तिथे जवळ आहे." कुसुम म्हणजे आत्या. अण्णांनी तारेवरची नजर काढली नाही. "हळू ओढ, दादा," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "देऊ."

त्यानंतर घराचा विषय निघाला नाही. दर रविवारी सकाळी दोघे पर्वती चढू लागले. २०१६ मध्ये काका गेले, तोवर हा नेम चालू होता.

हे सारे आज आठवायला कारण आहे. आमच्या वाड्याचा आता पुनर्विकास व्हायचा आहे. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांपुढे तेच कागद आहेत. कोणाला कोणता मजला, किती चौरस फूट, यावर फोनवर बोलणी चालतात. गेल्या महिन्यापासून आमच्या बोलण्यात एक जागा लाल दिसू लागली आहे. तुटलेले काही नाही. पण दाटी कुठे झाली ते मला दिसते आहे: मजल्याचा प्रश्न, जुन्या खोल्यांचा हिशेब आणि वडिलांच्या वेळचे मानापमान, असे तीन वेढे एकमेकांना चिकटले आहेत. तार गार असताना ते वेगळे करता येतात. तुटल्यावर मग पीळच घालावा लागतो.

म्हणून फोन बंद केला, आणि दिवाळीनंतरच्या रविवारी त्याला फराळाला बोलावले आहे. आमच्या सौ. म्हणतात, "आधी चकल्या संपू देत, मग कागद काढा." अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे, तेही आमच्यात बसणार आहेत. काय बोलू, असे मी त्यांना काल विचारले.

"बोल काहीही," अण्णा म्हणाले, "पण दोघांनी सारखे ओढा."