चार बोटांची लाट

रात्रीची जेवणं उरकली की बाबा लोखंडी कॉटवर भिंतीला टेकून बसतात आणि मी त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर डबलबारी लावते. सिंधुदुर्गातल्या कुठल्या तरी देवळापुढचा मांडव, समोरासमोर दोन भजनी मंडळं. एक बुवा सवाल टाकतो. दुसरा पेटीवर बोटं ठेवून तो ऐकून घेतो आणि गजर चढवत चढवत उत्तर बांधतो. डबलबारीचं सगळं मर्म त्या उत्तराच्या शब्दांत. मांडवात हशा पिकतो, टाळ्या पडतात आणि बाबा माझ्याकडे वळतात. "बाय, काय म्हणालो तो?"

मी सांगते. पण सांगितलेला टोला हा टोला राहत नाही. तोवर बुवा पुढच्या ओळीवर गेलेला असतो. नवे स्पीकर घ्यायचं ठरवलं ते या एका प्रश्नासाठी.

बाबांनी सतरा वर्षं कापड गिरणीच्या साचेखात्यात काढली. एका छपराखाली शेकडो साचे, प्रत्येकावर इकडून तिकडे आपटणारा धोटा. अशा खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० ही मर्यादा मानतात, आणि डेसिबलचं गणित असं की तीनने आकडा वाढला तरी कानावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. आत बोलणं शक्यच नव्हतं. बाबा सांगतात, आम्ही ओठ वाचायचो आणि हातांनी बोलायचो. तंबाखू मागायची खूण वेगळी, जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय याची वेगळी. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यांत बाबाही होते. ते पुन्हा आत गेले नाहीत. पण साचेखात्यानं जे घ्यायचं ते आधीच घेतलं होतं. कानाच्या आत शंखासारखी एक पोकळी असते, तिच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी. सततच्या गोंगाटानं त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यात आधी मरतात त्या सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचे स्वर टिपणाऱ्या.

हे मी कानांच्या डॉक्टरांकडच्या आलेखावर पाहिलं. डावीकडे बऱ्यापैकी सपाट चाललेली रेघ उजवीकडे एकदम दरीत उतरावी तशी उतरली होती. 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर डावीकडचे, ते बाबांना पोचतात. 'स', 'श', 'त', 'थ', 'फ' ही व्यंजनं बहुतेक त्या दरीत पडतात. म्हणजे बुवाचा आवाज ऐकू येतो, चाल कळते, भाव कळतो, शब्द मात्र हाती लागत नाही. त्यावर आवाज वाढवणं हा उपाय नाही, हे समजायला मला फार वर्षं लागली. मी वाढवायची आणि बाबा कपाळाला आठ्या घालायचे, "वरडतंस कित्याक?" अशा कानांचं तसंच असतं. हळू बोललेलं पोचत नाही आणि जरा मोठं झालं की एकदम अंगावर येतं. मधली ऐकू येण्याची पट्टी अरुंद होऊन जाते. कानात घालायचं यंत्र आणलंय. ते घालून ते बाजारात जातात, पण घरी काढून डबीत ठेवतात. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यात भांड्यांचाच आवाज जास्त.

स्पीकर घ्यायला परळचा पूल ओलांडून प्रभादेवीला गाडी धरली आणि ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विजेचं सामान घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टनलाच जातो. वीतभर रुंदीच्या दुकानांत वायरी वेलींसारख्या लोंबतात. दुकानातल्या मुलानं उत्साहानं टू पॉइंट वन पुढे केलं. दोन चिमुकले डबे आणि खाली ठेवायचा एक थोराड वूफर. खोक्यावर वॅटचा चार अंकी आकडा, पुढे 'पीएमपीओ' अशी अक्षरं. तो आकडा कसा मोजायचा याला कुठलाच धरबंध नाही. क्षणभराच्या उसळीला फुगवून तो छापतात. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे यंत्र न थकता सतत देऊ शकेल तो जोर, आणि टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला तो पाच-दहा वॅट असला तरी रगड. मुलानं गाणं लावलं. छातीत धडधड झाली. गणपतीत लालबागच्या नाक्यावर उभं राहिलं की होते तशीच.

मी पेन ड्राइव्ह काढला आणि म्हटलं, यातली डबलबारी लावा. अगदी बारीक आवाजात.

त्याला ते नवीन होतं, पण मुलगा समंजस. त्यानं लावली. वूफरवाल्या जोडीत पखवाजाची धुमी, कणीक लावलेली ती डावी बाजू, खोलीभर पसरली आणि बुवाचे शब्द पुरात बुडावेत तसे तिच्याखाली बुडाले. मी दुकानाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. पडदा दिसता कामा नये, कारण ओठ दिसले की आपणही नकळत वाचतो. कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर असं आपल्याकडे म्हणतात. मला त्या दिवशी तेवढं अंतर राखून नुसत्या कानानं निवडायचं होतं. एकेक जोडी लावून आवाज शून्यावर नेऊन चढवत आणायचा, आणि पहिला शब्द कुठे कळतो तिथे थांबायचं. जिथे लवकर कळेल ती जोडी आपली.

घरी येऊन मी हिशेब केला तेव्हा ती चार बोटं पुन्हा भेटली. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पखवाजाचा ५० कंपनांचा खर्ज असेल तर त्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. आमची खोली दहा बाय बारा फूट, म्हणजे ती लाट खोलीत मावतच नाही. ती पार्टिशनमधून शेजारच्या काकूंच्या उशीपर्यंत जाते, आणि काकू पहाटे पाचला उठतात. नियमानं वस्तीत रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चाळीत नियमाच्या आधी काकू आहेत. आणि ४००० कंपनांची लाट? साडेआठ सेंटिमीटर. अंगठा सोडून चार बोटं जुळवली की तेवढीच रुंदी भरते. गिरणीनं बाबांचं नेलं ते एवढंसं, चार बोटांत धरता येईल असं, आणि त्यातच सगळी भाषा होती.

शेवटी घेतली ती साधी जोडी. वूफर नाही. प्रत्येक डब्यात तीन इंचांचा एक कोन आणि वर बारीक स्वरांसाठी निराळा छोटा ट्वीटर. एकच कोन असलेल्या डब्यांतून बारीक स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढेच जातात. ऐकणारा जरा बाजूला बसला की ते निसटतात. बासचं भोक पुढच्या अंगाला असलेली मुद्दाम निवडली, कारण मागे भोक असलेला डबा भिंतीपासून हातभर पुढे ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे हातभर जागा म्हणजे एका माणसाची झोपायची जागा. मुलानं बिल करताना विचारलं, "मॅडम, बास कमी आहे, चालेल ना?" मी म्हटलं, त्याचसाठी घेतेय.

मांडणीला एक रविवार गेला. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, आणि कान कॉटवर. म्हणून डब्यांखाली जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे रचले. दोन्ही डबे कॉटकडे तोंड करून जरासे आत वळवले. वायरिंग जुनं असल्यानं पन्नास कंपनांची घूं घूं येत होती. लॅपटॉपचा चार्जर आणि स्पीकर एकाच बोर्डावर घेतल्यावर ती गेली. मग कॉम्प्युटरमधल्या इक्वलायझरच्या पट्ट्या घेतल्या. खर्जाच्या खाली ओढल्या, दोन हजार ते चार हजारांच्या थोड्या वर सरकवल्या. थोड्याच. जास्त केलं की बुवा नाकात गातो.

बाबा आले, बसले. डबलबारी एका माइकवर टिपलेली, त्यामुळे दोन्ही डब्यांतून अगदी तेच येत होतं. असं झालं की आवाज डावीकडून येत नाही, उजवीकडूनही येत नाही. दोहोंच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, तो उभा राहतो. बुवा थेट पडद्याच्या काचेतून बोलू लागला. सवाल झाला. उत्तर आलं. मांडव हसला आणि त्याच्याबरोबरच, मागाहून नाही, बाबा हसले.

"आता आयकाक येता," ते म्हणाले. थोड्या वेळानं मान कलती करून विचारलं, "झांज खय गेली? झांजेक माणूसच नाय काय?"

झांज होती. मला स्वच्छ ऐकू येत होती. तिचा झणत्कार दरीच्या पार तळाला असतो, तिथवर कुठल्याच पट्टीनं मला जाता आलं नव्हतं. मंडळात असताना बाबा झांज वाजवायचे. पखवाज नाही, पेटी नाही, झांज.

मी उठून देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावरची त्यांची झांजांची जोडी काढली, पुसली आणि त्यांच्या हातात दिली. काकूंचं भान ठेवून त्यांनी झांजांना आतून बोटं टेकवली, म्हणजे आवाज दबेल. डोळे मिटले. पखवाजाचं एक आवर्तन जाऊ दिलं, दुसरं जाऊ दिलं, आणि काठाला काठ लावला. मी पडद्याकडे बघत होते. तिकडे मांडवात झांजवाल्याचा हात खाली आला, तेव्हाच इकडे कॉटवर बाबांचा आला.