खिडकीसमोरची रांग

आमच्याकडे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठल्याही टॉकीजवर जा, तिकीटखिडकीचं भोक जेमतेम हात शिरेल एवढंच असायचं. त्यात एकाच वेळी चार-चार हात घुसलेले, प्रत्येक मुठीत घामेजलेली नोट. मुंबई-नागपूरला गाजलेल्या पिक्चरची पेटी आमच्याकडे यायला महिनोन् महिने लागत. ‘जय संतोषी माँ’ १९७५ चा. तो लागला तेव्हा खेड्यापाड्यांतून बायका बैलगाड्या जुंपून आल्या आणि चपला बाहेर काढून आत गेल्या. कापूस विकून हातात पैसा आला की टॉकीजसमोर पाय ठेवायला जागा नसे.

बायकांची खिडकी वेगळी. तिथली रांग आखूड, म्हणून पोरं आईला, बहिणीला पुढे करत. ओळखीची बाई दिसली की, “मावशी, आमचेबी दोन काढा ना जी!” अशी विनवणी. ती काढून द्यायचीही.

ब्लॅक तेव्हाही होताच. हाऊसफुल्लची पाटी लागली की “बाल्कनी, दस का बीस” असं पुटपुटत माणूस गर्दीतून फिरायचा. तिकिटं मागच्या दारानं त्याच्याकडे कशी पोचत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्धा दिवस उन्हात उभं राहून खिडकी तोंडावर बंद झालेल्या मजुरावर तो अन्यायच होता. जुनं म्हणून मी त्याला चांगलं म्हणणार नाही. पण ब्लॅकवाल्याला चेहरा होता. त्याच्याशी घासाघीस करता यायची, भांडता यायचं, हवालदार दिसला की तो पळायचा. आणि त्याच्या खिशातली तिकिटं वेळेशी बांधलेली होती. डॉक्युमेंटरी संपून पिक्चर सुरू झाला की भाव उतरायचा. छापील किमतीत, प्रसंगी त्याहून कमीत देऊन तो मोकळा व्हायचा. आमच्यासारखे कितीतरी जण तेवढ्यासाठीच थांबून राहत. सुरुवातीची पंधरा मिनिटं हुकली तरी चालायचं.

नाटक आलं की टेबलावर प्लॅन पसरलेला असे. गेलेल्या खुर्च्यांवर लाल पेन्सिलची फुली. पुढच्या रांगा पाहुण्यांच्या नावानं आधीच अडवलेल्या असत, हे खरं. पण त्या अडवल्यात हे कागदावर दिसत होतं. नाराजी तिथंच, त्या टेबलापाशी बोलून दाखवता येत होती.

आता कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं बघा. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे कार्यक्रम. विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला, दुपारी बारा वाजता, मोबाईलवर. छापील दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. एक कोटीहून जास्त लोक तुटून पडले. पुलगावच्या पोरीला घरबसल्या तिथवर पोचता आलं, ही केवढी मोठी गोष्ट! पण तिला मिळाला तो रांगेतला लाखांतला एक नंबर. आपल्या पुढे माणसं आहेत की माणसांच्या नावानं धावणारी यंत्रं, हे तिला दिसायला मार्गच नव्हता. थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरात. मूळ तिकिटं विकणाऱ्या बुकमायशोनं ती फेरविक्री अनधिकृत असल्याचं सांगून पोलिसांत तक्रार केली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी आरंभली. काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मात्र मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. नियम करणं हे कायदेमंडळाचं काम, असं न्यायालयाचं म्हणणं.

माझा राग इथं आहे. दस का बीस करणाऱ्याला कॉलर धरून ठाण्यात नेत, आणि हजाराचे लाख करणाऱ्यासाठी अजून नियमच व्हायचा आहे. ब्रिटनच्या सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त दरानं तिकीट पुन्हा विकण्यावर बंदी आणण्याचं जाहीर केलं. एवढी एक ओळ आपल्या विधिमंडळालाही लिहिता येईल. त्यासोबत कुणाला किती तिकिटं आधीच राखून ठेवली, हेही विक्रीपूर्वी जाहीर व्हावं, त्या प्लॅनवरच्या लाल फुल्यांसारखं, सगळ्यांना दिसेल असं.