सत्तर हजारांचे गाणे

आमचा व्यवसाय टॉवेलचा. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत कारखाना आहे आणि गेली अनेक वर्षे आमचा माल न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो. एफओबी, सीआयएफ, बिल ऑफ लेडिंग हे शब्द आमच्या घरात शाळकरी मुलांच्याही कानांवरून गेलेले आहेत. त्यामुळे २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतून एक ॲम्प्लिफायर आणि एक रेकॉर्ड प्लेयर मागवण्याचे ठरले, तेव्हा त्यात आपल्याला नवे शिकण्यासारखे काही असेल असे मला वाटले नाही. माल पाठवणाऱ्याने माल मागवणाऱ्याची बाजूही जाणलेली असते, अशी माझी समजूत होती.

निमित्त आईच्या अमृतमहोत्सवाचे होते. वडिलांनी आयुष्यभर तबकड्या जमवल्या. माणिक वर्मा, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी, शिवाय लोखंडी पेटीत जपलेल्या ७८ फेऱ्यांच्या जड, काळ्या तबकड्या. त्या वाजवणारा रेडिओग्राम वडिलांच्या आधीच थकला होता, आणि ते गेल्यानंतर पेटी कोणी उघडली नव्हती. सप्टेंबरात आईला पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. तिने काही मागितले नव्हते; ती कधीच मागत नाही. पण एकदा जेवताना सहज म्हणाली, "घरात एवढी गाणी आहेत आणि एकही ऐकू येत नाही."

मुंबईतल्या एका दुकानात मी भाव विचारला. मला हवे होते ते दोन्ही नग मिळून १,४५,००० रुपये. तीच यंत्रे अमेरिकेत ७०० आणि ३०० डॉलरला मिळत होती. डॉलर त्या दिवसांत सत्तरच्या आसपास होता, म्हणजे ७०,००० रुपये. व्यापारी माणसाला असा फरक दिसला की त्याची झोप उडते. देशात चांगली यंत्रे होत नाहीत असे मुळीच नाही. कोलकात्याची सोनोडाइन कंपनी १९७० पासून याच व्यवसायात आहे. पण मला विशिष्ट बनावटीचेच यंत्र हवे होते, आणि त्यात आईच्या कानांइतकाच दिवाणखान्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांचाही विचार होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या दुकानाचा माल भारतात येत नव्हता. म्हणून तो न्यू जर्सीत माझ्या भाच्याच्या घरी उतरवायचा आणि तिथून त्याने कुरियरने पाठवायचा, असे ठरले. पहिली चपराक तिथेच बसली. न्यू जर्सीत माल पोहोचला म्हणून तिथला ६.६२५ टक्के विक्रीकर लागला, म्हणजे जवळपास ४,६४० रुपये. मी पैसे इथल्या कार्डाने भरले होते. बँकेने परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावून ३,०८० रुपये आणखी घेतले.

मग भाडे. दोन्ही खोक्यांचे प्रत्यक्ष वजन २६ किलो भरले. पण हवाई कुरियर नुसते वजन पाहत नाही, जागाही पाहतो. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचे पैसे घ्यायचे. यंत्रांना चारी बाजूंनी फोम लावलेली आमची खोकी त्या हिशेबाने ४० किलोंची झाली. साडेसहा डॉलर किलोप्रमाणे २६० डॉलर, म्हणजे १८,२०० रुपये. सुदैवाने मी ध्वनिक्षेपक तिकडून घेतले नव्हते. ती तर पोकळ लाकडी पेटी, हवेचेच भाडे भरावे लागले असते. भाडे दुसऱ्याच्या हातात असले की मालाचा भाव आपल्या हातात राहत नाही, ही गोष्ट आपल्याच सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांना शंभर वर्षांपूर्वी कळली होती. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' आगबोट मुंबईहून इंग्लंडला निघाली, त्यामागे हेच गणित होते. मी मात्र माझ्या टॉवेलच्या गाठी कशा गच्च दाबून पाठवतो याचा अभिमान बाळगणारा माणूस. यंत्र दाबता येत नाही हे विसरलो.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे.

पाठवण्याच्या आदल्या रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, कागदावर अडीचशे डॉलर लिहितो. वापरलेली वस्तू, घरच्यांना भेट. इथून पाठवणारे सगळे असेच लिहितात." मी हो म्हटले नाही. पण नाहीही म्हटले नाही. "तुला तिथले जास्त कळते," एवढेच बोललो आणि फोन ठेवला. भेट म्हणून जी शुल्कमाफी होती ती त्या वेळी फक्त ५,००० रुपयांपर्यंत होती, म्हणजे अडीचशे डॉलरवरही कर लागणारच होता. पण तो नऊ हजारांच्या आत मिटला असता. (पुढे त्याच वर्षी डिसेंबरात टपालाने वा कुरियरने भेट म्हणून शुल्कमाफीत माल आणण्याची वाटच, राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून, सरकारने बंद केली.)

आठ दिवसांनी नोटीस आली. सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यांना किंमत पटली नव्हती. खरेदीचा पुरावा मागितला होता. त्या यंत्राचा भाव साऱ्या जगाला दिसत असताना तो त्यांना दिसणार नाही, असे आम्ही कशावरून गृहीत धरले होते कोण जाणे. भाच्याने लगेच सुचवले की अडीचशेचे एक बीजक तयार करून पाठवतो. मुलाने वेगळा मार्ग काढला: माल कंपनीच्या आयात-निर्यात कोडावर दाखवू, म्हणजे एकात्मिक जीएसटी परत वळता करून घेता येईल. आमच्या सीएंनी तो बेत एका वाक्यात मोडला. घरच्या उपभोगाच्या वस्तूवरचा कर वळता करता येत नाही. आणि स्वतःच्या वापरासाठी आणायच्या वस्तूला तो कोड लागतही नाही.

राहिला भाच्याचा मार्ग. त्या रात्री मी आईजवळ बसलो होतो. तिचा स्वाध्याय चालू होता. यंत्र अडकल्याचे तिला कळले होते, कारण कळले नव्हते. मी सांगितले. तिने चष्मा काढून विचारले, "पावती कितीची, आणि कागदावर किती लिहिले?" मी दोन्ही आकडे सांगितले. ती काही बोलली नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'विरुद्धराज्यातिक्रम' हा एक आहे, हे तिने मला लहानपणी पाठशाळेच्या परीक्षेसाठी पाठ करून घेतले होते. मला वाटते त्या क्षणी आम्हा दोघांनाही तोच शब्द आठवला असावा. पण तिने तो उच्चारला नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मी मुंबईला गेलो आणि हजार डॉलरचे खरे बीजक, कार्डाचे विवरण आणि चूक कबूल करणारे पत्र दिले.

शुल्क कसे आकारले ते सांगतो, कारण इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. कर नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही; भाडे आणि विमा मिळवून लागतो. हवाई मार्गाने आलेल्या मालाचे भाडे मूळ किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरत नाहीत, म्हणून माझे १४,००० धरले गेले. विम्याचा वेगळा आकडा नव्हता, तो १.१२५ टक्के धरला. असे ८४,७८७ रुपयांचे मूल्य झाले. त्यावर मूळ शुल्क १० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ११. आणि या सगळ्या १११ वर २८ टक्के एकात्मिक जीएसटी. करावर कर बसून एकूण ४२.०८ टक्के, म्हणजे ३५,६८० रुपये. (पुढे मूळ शुल्क ३५ टक्के झाले तेव्हा हाच बोजा ७७.२८ टक्क्यांवर गेला. दर सतत बदलतात. मागवण्याआधी त्या दिवसाचा दर पाहावा.) खोट्या किमतीबद्दल ५,००० दंड, गोदामाचे भाडे आणि कागदपत्रांचा खर्च ६,३०० रुपये.

हेच यंत्र भाच्याने डिसेंबरात येताना सामानातून आणले असते तर? प्रवाशाला त्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंत माफी होती आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. सत्तर हजारांच्या मालावर ७,७०० रुपये, तेही राजमार्गाने, खरे बीजक दाखवून. तीन महिने थांबायला मी तयार नव्हतो, एवढेच.

खोकी घरी आली तेव्हा ॲम्प्लिफायरचे खोके एका कोपऱ्यात चेपलेले होते. आतला ट्रान्सफॉर्मर हा त्या यंत्रातला सर्वांत जड भाग. खोके आपटले की तो आपल्याच वजनाने बूड फाडून सुटतो. तसेच झाले होते. भरपाई मागितली तर उत्तर आले की घोषित केलेली किंमत आणि आम्हीच नंतर सादर केलेले बीजक जुळत नाही, सबब दावा अमान्य. त्यांचे काय चुकले? कंपनीची हमी अमेरिकेपुरतीच होती. इथल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने दहा दिवस खपून तो पुन्हा बसवला, ६,५०० रुपये घेतले, आणि वर विचारले, "शेठ, हे इथे मिळत नव्हते का?"

अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. जपानात १०० ची. आपली २३०. हे मला माहीत होते, म्हणून ३,८०० रुपयांचा व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आधीच आणून ठेवला होता. अमृतमहोत्सवाच्या सकाळी सारे कुटुंब जमले, तबकडी लावली, आणि माणिक वर्मांचा आवाज एखाद्या आजारी तरुणाचा वाटू लागला. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. आई तेवढी हसली आणि म्हणाली, "अरे, गाणे खाली बसले आहे."

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, वारंवारता बदलत नाही. तिकडची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. आणि त्या रेकॉर्ड प्लेयरची मोटर आवर्तनांच्या तालावर फिरणारी होती. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी २७.८ फेऱ्यांनी फिरत होती. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटे चालायची आणि सूर जवळपास तीन पट्ट्या उतरायचा. इंग्लंड-जर्मनीचे यंत्र घेतले असते तर हा घोटाळा झाला नसता. तिथली वीज आपल्यासारखीच ५० आवर्तनांची आहे.

उपाय निघाला तो आमच्या कारखान्याच्या शेजारी. मागांचे सुटे भाग करणारे एक वर्कशॉप आहे. तिथल्या टर्नरला मी मोटरवरची छोटी पुली दाखवली. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "साठाला पन्नास म्हणजे सहाला पाच. पुली सव्वाची नको, एक पूर्णांक दोनपट करू." पितळेचा तुकडा लेथवर लावून त्याने दहा मिलिमीटरची पुली बारा मिलिमीटरची कातून दिली. वेग तपासायला १८० रेघांचा कागदी चक्राकार तक्ता तबकडीवर ठेवला आणि वर्कशॉपमधल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली धरला. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग बरोबर असेल तर रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. पहिल्या खेपेस त्या हळूहळू पुढे सरकत होत्या. त्याने केसभर आणखी कातले. रेघा थांबल्या. त्याने ३५० रुपये घेतले आणि मोबदल्यात एक बाजू पूर्ण ऐकून गेला.

खतावणीत मी सगळे मांडले: ७०,०००चा माल १,५३,५५० ला पडला. रेल्वेची तिकिटे यात नाहीत. मुंबईच्या दुकानाचा भाव १,४५,००० होता, २३० व्होल्टचा, हमीसकट आणि घरपोच. ते पान मी मुलाला आणि भाच्याला दोघांना दाखवले. भाचा आता माझ्याकडे अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्यांना माझाच नंबर देतो, आणि मी त्यांना हे पान वाचून दाखवतो. काहीजण तरीही मागवतात.

आई रोज संध्याकाळी एक बाजू ऐकते, सूर्यास्तापूर्वीचे जेवण झाल्यावर. मात्र या यंत्रावर ३३ आणि ४५ फेऱ्यांचीच सोय आहे, ही गोष्ट मी खरेदीच्या वेळी पाहिलीच नव्हती. वडिलांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अजून लोखंडी पेटीतच आहेत. पुण्यात एकांकडे त्या वाजवणारे जुने यंत्र विक्रीला असल्याचे कळले आहे. पुढच्या आठवड्यात हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन पाहून येणार आहे.