चार कोपऱ्यांवर चार

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचा धाकटा इंग्लंडहून परत आला. नॉटिंगहॅमला दोन वर्षं काढली, शिक्षण पुरं झालं, पण नोकरी काही लागली नाही. इथं आल्यावरही लागली नाही. येताना दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, आणि दुसरीत काय असावं? मी इथून पाठवलेल्या चिवड्याच्या रिकाम्या डब्यांत कापसात गुंडाळलेले बोटाएवढे बाहुले! कुणी राक्षस, कुणी बुटके, कुणी चिलखत घातलेले. पंचविशी उलटली तरी पोराचा खेळ सुटला नाही, असं मनात आलं. पण बोलले नाही.

खरी काळजी होती ती त्याच्या गप्प बसण्याची. हाक मारली की जेवायला यायचा, ताट उचलून ठेवायचा, की परत खोलीत. हे रोज सकाळी पेपरातल्या जाहिरातींना लाल खुणा करून तो त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवीत. मी दिवसातून दहादा दार ढकलून डोकावत असे. "काही हवंय का रे?" "नको." झालं बोलणं!

शेवटी एका दुपारी तांदूळ निवडायचे ठेवून मी त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "शिकव बघू मला तुझा खेळ. नाव काय त्याचं?"

"ब्लड बोल."

"शुभ बोल रे नाऱ्या!" माझ्या तोंडून निघून गेलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो खळखळून हसला.

हा खेळ 1986 साली निघाला, जर्विस जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी रचला. काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्य ठाणं नॉटिंगहॅमलाच आहे. अमेरिकन फुटबॉलची चेष्टा म्हणा ना! पटावर 26 घरं लांब आणि 15 घरं रुंद असं मैदान. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. एकदा मी खेळायचं, एकदा त्यानं. अर्ध्या डावात ज्याच्या त्याच्या आठ पाळ्या. चेंडू पलीकडच्या शेवटच्या ओळीत नेऊन पोचवला की जिंकलात एक गुण.

मला वाटलं, सगळा फाशांचा मामला. आपला हात काही फाशाला चांगला नाही. तर म्हणाला, "आई, फासे मागाहून. कोण कुठं उभा आहे, त्यातच निम्मा डाव."

उभ्या असलेल्या प्रत्येक गड्याचा भोवतालच्या आठ घरांवर धाक असतो. त्या घरात शिरायला काही लागत नाही. निघायचं मात्र फासा टाकून. साध्या गड्याला तीन किंवा जास्त पडावे लागतात. नाही पडले तर तो आडवा होतोच, वर अख्ख्या संघाची पाळी तिथंच संपते! हे ऐकताच मला आमच्या वन्सं आठवल्या. त्यांच्या शेजारी जाऊन बसणं सोपं. उठून निघणं, तिथंच खरं कसब!

मग त्यानं पाच बाहुले मांडून दाखवले. मध्ये दोन-दोन घरं सोडून पाच जण आडवे उभे केले की मैदानाची पंधराच्या पंधरा घरं धाकात येतात. फासा टाकल्याशिवाय कुणी पार होत नाही. मला गंमत वाटली. पंगतीत वाढणाऱ्या पाचजणी एकाच जागी घोळका करून उभ्या राहिल्या तर निम्मी पानं रिकामी राहतात, त्यातलंच हे.

दुसरी गोष्ट कामांच्या क्रमाची. ज्याला फासा लागत नाही ते आधी उरकायचं. पडलेल्याला उठवायचं, मोकळ्यांना जागेवर न्यायचं. जोखमीचं शेवटी. कारण ते फसलं की पुढचं सगळं राहिलं. अहो, स्वयंपाकघरात आपण हेच करतो की! पण आमच्या घरी सकाळी पहिला प्रश्न असायचा तो "पुढं काय ठरवलंयस?" चहाच्या आधीच पाळी संपलेली!

चौथ्या-पाचव्या डावात चेंडू माझ्याकडे आला. आता हा सोडायचा नाही, म्हणून मी चेंडूवाल्याच्या आठही बाजूंना आठ गडी चिकटवून टाकले. त्यानं शांतपणे आपले गडी आणून माझ्या गड्यांना भिडवले. झालं! पाच जण धाकात अडकले आणि मधला चेंडूवाला जागच्या जागी. बाहेर पडायला वाटच नाही.

"आठ कशाला, आई? चार पुरेत. चार कोपऱ्यांवर चार." त्यानं माझे गडी उचलून तिरपे मांडले. "आता समोरची, मागची, बाजूची घरं मोकळी दिसतात ना? पण तिथं यायला कोपऱ्यावरच्यांच्या धाकातून निसटावं लागतं, आणि त्या घरावर चेंडूवाला धरून तिघांचा धाक. साध्या गड्याला सहाच पडायला हवेत. एवढी राखण बास. बाकी जागा मोकळी ठेव, नाहीतर तो हलणार कसा?"

तो पटाकडे बघून बोलत होता. मी मात्र तांदळाच्या ताटाकडे बघत बसले. त्या दिवसापासून दार ढकलून डोकावणं सोडलं. ह्यांनाही सांगितलं, पेपर नुसता टेबलावर ठेवत जा.

माघात पुतणीचं लग्न निघालं. "मी येत नाही," तो म्हणाला. "सगळे तेच विचारणार." एरवी मी हट्ट केला असता. या वेळी म्हटलं, "चल तर खरा. चार कोपरे आम्ही सांभाळतो." चार म्हणजे मी, हे, थोरला आणि माझी धाकटी बहीण. कार्यालयात आम्ही त्याच्या आसपास होतो, पण अंगाला अंग लावून नाही. कुणी चौकशीच्या बेतात दिसलं की बहीण त्यांना हळदीकुंकवाला घेऊन जाई, थोरला जेवणाची व्यवस्था विचारी. सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि पंगतीत बघते तर वन्सं थेट त्याच्या शेजारच्या पानावर! फासा पडला म्हणायचा त्यांचा सहा! मी उठायला लागले, तर ह्यांनी हात धरून बसवलं.

"काय रे, नोकरीचं काय?" वन्संनी विचारलंच.

"नाही लागली अजून, आत्या. शोधतोय," तो म्हणाला. सरळ, मान वर करून.

वन्सं क्षणभर गप्प. मग वाढप्याला म्हणाल्या, "अरे, याला जिलबी वाढ."

एवढंच! एवढ्यासाठी मी तीन महिने जीव मुठीत धरून बसले होते.

नोकरी अजून लागलेली नाही, खोटं कशाला सांगू? दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आहेत. पेपर तो स्वतःच उचलून नेतो, खुणाही स्वतःच करतो. आमचे डाव चालूच आहेत. सगळे मीच हरले, एक तेवढा बरोबरीत सुटला. आत्ताही पट तसाच मांडून ठेवलाय. आतून हाक आली आहे, "आई, पाळी तुझी!"