वेचणीचा हात

दंतवैद्यकाला माझा नंबर लागला तो मार्कांवर. आपल्याकडे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर यादी लागते. हात कसा चालतो हे कुणी विचारत नाही. हात कळतो तो पहिल्या वर्षी, मेणाची वडी पुढ्यात आल्यावर. बारक्या हत्यारानं त्यातून दात कोरायचा, उंचवटे-खाचांसकट. जरा जास्त खरवडलं की वडी वाया. माझे दात बरे जमायचे. का जमतात, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव तलवाडा, गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं. दिवाळीच्या सुट्टीत पोरं देवीच्या माळावर खेळायची अन् मी मायसोबत कापूस वेचायला. उमललेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी टोचतात. मी घाईनं ओढायचो, कापसाला वाळका पाला चिकटायचा.

"वरबाडू नको लेकरा," माय म्हणायची. "डाव्या हातानं फांदी धर. बोटं आत घाल, अन् समदा कापूस एकदाच उचल."

पुढं अमेरिकेत शिकायचं मनात आलं. तिथं प्रवेशाला मुलाखत असते आणि हाताचं कौशल्य हा तिच्यातला नेहमीचा विषय. तिथल्या परीक्षेत एके काळी खडू कोरून दाखवावा लागे, कॅनडात साबण. मित्रांनी गिटार, शिल्पकला असं काय काय तयार ठेवलं होतं. मी अर्जात लिहिलं, चित्रकला. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, तेवढ्यावर.

मुलाखतीत बाईंनी विचारलं, "अलीकडे कोणतं चित्र काढलंत?"

माझी बोबडी वळली. कानशिलं तापली. मग म्हणालो, "चित्र नाही काढलं. मी कापूस वेचलाय."

त्या गप्प बसल्या. मी सांगत गेलो. दातावरचं कीटण काढताना एक बोट शेजारच्या दातावर टेकवून ठेवतात, म्हणजे हत्यार घसरत नाही. डाव्या हातानं फांदी धरायची ती त्यासाठीच. जोर कमी, अंदाज जास्त. बोटाला टोचलं तरी हात झटकायचा नाही. हे मला कॉलेजच्या आधी मायनं शिकवलं होतं. एवढं बोललो आणि वाटलं, इतकी वर्षं मी नेमकं काय लपवत होतो?

त्या वर्षी माझी निवड झाली नाही. गावी गेलो तेव्हा माय ओट्यावर वाकळ शिवत बसली होती. सुईत दोरा ओवायला तिनं ती माझ्यापुढं धरली. तिच्या बोटांना आता बधिरपणा येतो. दोरा ओवता ओवता मी तिला मुलाखतीचं सगळं सांगितलं.

"कापसाचं सांगितलंस?" ती म्हणाली. "अन् त्या हसल्या न्हाईत?"

"न्हाई."

तिनं सुई घेतली आणि खाली मान घालून टाका घातला. बराच वेळ काही बोलली नाही.