बोटाखालची पट्टी

वाद्य वाजवणाऱ्या माणसांची एक गंमत आहे. त्यांना गाण्याविषयी विचारा, ती चार शब्दांत आटोपतील; वाद्याविषयी विचारा, रात्र पुरणार नाही. सतारिया तारांविषयी बोलतो, तबलजी शाईविषयी बोलतो. पण या सगळ्यांवर ताण करणारी जमात म्हणजे कीबोर्डवाल्यांची. सतार घेतलेला माणूस पुष्कळदा जन्मभर तिच्याशी संसार करतो. कीबोर्ड घेतलेल्याला मात्र त्याच रात्रीपासून पुढच्या कीबोर्डाची स्वप्ने पडू लागतात.

हे मी थोड्या अधिकाराने सांगतो, कारण माझा सख्खा भाचा याच जमातीतला. लग्नाकार्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवून तो पोट भरतो. नवरात्र आटोपले की तुळशीचे लग्न लागेपर्यंत या मंडळींना जराशी उसंत मिळते, आणि ती उसंत ते आमच्या ओसरीवर घालवतात. मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि गेली कित्येक वर्षे एकाच पेनाने लिहितो. त्यामुळे वाद्य 'अपग्रेड' करणे म्हणजे काय, हे मला त्यांच्याच तोंडून शिकावे लागले.

गेल्या वर्षी अशीच बैठक भरली होती. भाच्याचा एक मित्र म्हणाला, "पट्टी हलकी हवी. बोट ठेवलं की खाली गेली पाहिजे. लावणीतला जलद तुकडा जड पट्टीवर वाजवून बघा, मनगट भरून येतं."

दुसरा वसईकडचा, पियानो शिकलेला आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. त्याला हे मुळीच पटले नाही. "हलक्या पट्टीवर वाजवणं म्हणजे हवेत लिहिणं. बोटाला ढकलायला काही तरी नको का?"

त्याने मला समजावून सांगितले, की पियानोत ८८ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी एक हातोडी उचलून तारेवर टाकते. खर्जाच्या हातोड्या वजनदार, तारसप्तकातल्या हलक्या. म्हणून डावीकडून उजवीकडे जाताना बोटाखालचे ओझे हळूहळू उतरत जाते. भारी किमतीच्या विजेच्या वाद्यांतही हे ओझे मुद्दाम आणतात. आत छोट्या हातोड्या बसवतात. या हातोड्या कुठल्याच तारेवर पडत नाहीत. केवळ बोटाची समजूत घालण्यासाठी त्या जन्मभर वरखाली होत असतात! साध्या वाद्यात हातोडीऐवजी नुसती स्प्रिंग असते. तिसरा एक मधला प्रकार आहे. त्यात स्प्रिंगही असते आणि थोडे वजनही. सगळ्या मध्यममार्गी माणसांप्रमाणे त्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या खाव्या लागतात.

आमच्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर इतका वेळ चकलीचे तुकडे करीत ऐकत होते. ते म्हणाले, "वजनाचं राहू द्या. ते ट्रान्स्पोजचं बटण आहे ना, त्यानं तुमच्या पिढीची बोटं बसवून ठेवली. गाणारी काळी दोनमध्ये गावो की पांढरी पाचमध्ये, तुम्ही बटण दाबता आणि आपल्या सोयीच्या पट्टीतून वाजवता. आम्ही बारा ठिकाणांहून सा धरायला शिकलो."

भाचा हसून म्हणाला, "मास्तर, स्केलचेंजर पेटी आमच्या आधीची. पट्ट्यांची अख्खी फळी सरकवायची सोय पेटीवाल्यांनीच करून घेतली. आमचं बटण तिचंच नातवंड."

मास्तर निरुत्तर झाले आणि सगळे हसले. तेवढ्यात मी विचारले, की बोट हळू पडले की जोरात, हे यंत्राला कळते तरी कसे?

"मामा, यंत्राला जोर कळतच नाही," भाचा म्हणाला. "त्याला फक्त वेळ कळतो. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, एकामागून एक मिटणारे. पहिला मिटल्यापासून दुसरा मिटेपर्यंत किती वेळ गेला, तेवढंच ते मोजतं. वेळ कमी, तर सूर मोठा; वेळ जास्त, तर लहान."

एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागावे म्हणून १९८३ साली मिडी नावाची एक सामाईक भाषा ठरली. तीत या हळू-जोराच्या १ पासून १२७ पर्यंत पायऱ्या आहेत. त्याच साली जपानच्या यामाहा कंपनीचे डीएक्स-७ हे वाद्य निघाले. ६१ पट्ट्यांचे ते वाद्य बोटाचा हा वेग ओळखत असे, आणि त्याच्या पट्ट्यांची गोडी जुने वादक अजून सांगतात.

मला मात्र त्या रात्री पेटी आठवत राहिली. पेटीची पट्टी जोराने दाबा की अलगद, ती फक्त झडप उघडते. सूर लहानमोठा करतो तो डाव्या हाताचा भाता. उजवा हात दार उघडणार आणि डावा हात आत श्वास सोडणार, अशी ती वाटणी आहे. कीबोर्डाने डाव्या हाताचे हे काम उजव्या हाताच्या बोटांवर सोपवले.

मग रिकामा झालेला डावा हात काय करतो? तो मींड काढतो. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिच्यावर महाराष्ट्राला डोलायला लावले, त्या पेटीला ऑल इंडिया रेडिओने १९४० साली दार बंद केले. तिला मींड येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे आक्षेप होते. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. योगायोग असा, की १९७० साली अमेरिकेत निघालेल्या मिनीमूग या वाद्याला डाव्या हाताशी एक चाक होते. ते फिरवले की सूर घसरत वर किंवा खाली जाई. तसले चाक आता बहुतेक कीबोर्डांवर असते. भाच्याने मास्तरांचा हात धरून त्या चाकावर ठेवला. मास्तरांनी गंधार धरला आणि चाक फिरवून तो हळूच मध्यमावर नेला, पुन्हा आणला, पुन्हा नेला. "चाक बरं आहे," एवढेच ते म्हणाले; पण हात लवकर काढला नाही.

मंडळी गेल्यावर खरी गोष्ट निघाली. भाच्याला नवे वाद्य हवे होते आणि त्यासाठी ताई हातातल्या पाटल्या मोडायला निघाली होती. मी त्याला म्हणालो, "अरे, आहे त्यात काय कमी आहे?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, मी पहिल्यांदा ऑर्केस्ट्रात गेलो तेव्हा आम्ही अकरा जण होतो. आता पाच आहोत. ट्रंपेटवाले काका, अ‍ॅकॉर्डियनवाले काका, सगळे माझ्या एकेका बटणात गेले. आता लोक विचारतात, पेन ड्राइव्हवर गाणं असताना कीबोर्डवाला तरी कशाला? नवं मॉडेल दिसलं की निदान बोलावतात."

तेव्हा मला कळले, की ही सारी हौस नव्हे. हिच्या पोटात भीती आहे. ही गोष्ट आजची नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली जी बीन ऐकून पिढ्यान्‌पिढ्या मुले जमिनीवर लोळत नाचली, तीत गारुड्याची पुंगी नव्हतीच. क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींची बोटे होती, आणि जोडीला रवींची पेटी. जागा घेणाराची जागाही कोणी तरी घेतो. पण तिथे बोटे तरी होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या कीबोर्डाच्या दोन पट्ट्या किंचाळत होत्या. कितीही अलगद दाबल्या तरी सूर पूर्ण जोराने फुटे. पाठवणीच्या हळव्या गाण्यात हे किती वाईट! आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र पसरून ते वाद्य उघडले. पट्ट्यांखाली रबराच्या लांब फिती होत्या आणि त्यांवर धूळ साचली होती. संपर्क नीट मिटत नसल्यामुळे यंत्राचा वेळाचा हिशेब चुकत होता. भाच्याने फिती सोडवल्या, कापसाने स्पिरिट लावून एकेक ठिपका पुसला, रात्रभर वाळू दिले. सकाळी त्याने त्या दोन पट्ट्या इतक्या हळू दाबल्या, की स्वयंपाकघरातल्या ताईला सूर ऐकायला बाहेर यावे लागले.

"झालं?" तिने विचारले.

"झालं. यंदा नको नवं," तो म्हणाला. ताई काही बोलली नाही. रुमालात बांधून ठेवलेल्या पाटल्या तिने सोडल्या आणि तिथेच उभ्याने हातात चढवल्या.

पुढल्या वर्षी काय, हा प्रश्न त्याच्यापुढे आहेच. स्पिरिटाने धूळ जाते, पेन ड्राइव्ह जात नाही. पण तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच लग्नात मी त्याचे वाजवणे ऐकायला गेलो. पाठवणीच्या वेळी त्याने १२७ पायऱ्यांपैकी अगदी खालच्या पायऱ्यांवर बोटे ठेवली. मांडवातली माणसे आपोआप हळू बोलू लागली. नवरीकडचा एक हौशी पाहुणा स्टेजजवळ येऊन विचारू लागला, "आवाज छान आहे हो. कुठलं मॉडेल?"

"जुनंच आहे," भाचा म्हणाला, आणि वाजवत राहिला.