बापाचे ताट

घरात एखाद्या सुनेला अगर लेकीला दिवस गेले, की साऱ्या घराची दृष्टी एकाच ताटावर खिळते. पपई वाढू नका, अननस तर नकोच नको. दूध किती घेतले, भाजी का टाकली, तूप भातावर पडले की नाही, याची चौकशी सासूपासून शेजारणीपर्यंत सर्वजणी करतात. त्या ताटाशेजारी आणखी एक ताट मांडलेले असते. त्यात काय वाढले आहे व त्यातले काय उरले आहे, याकडे कोणाचेही लक्ष नसते. ते ताट होणाऱ्या बापाचे.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीचे डोहाळजेवण झाले. फुलांच्या वाड्या अंगावर लेवून ती बिचारी पाटावर बसली होती आणि भोवतालच्या बायका तिला पथ्यापथ्याचे पाठ देत होत्या. जावईबापू मात्र पलीकडच्या खोलीत मित्रांच्या संगतीत बटाटेवड्यांचा समाचार घेत होते. तो देखावा पाहून मला हसू आले. पण त्या हसण्यामागोमाग एक जुनी व्यथाही जागी झाली.

माझी एक मावशी होती. तिचा पहिला मुलगा जन्मतःच अशक्त निपजला आणि जेमतेम आठ दिवस जगला. मग पंचायत बसली, आणि हिने पाचव्या महिन्यात परसातली पपई खाल्ली होती, असा शोध लागला. तेवढ्यावर निकाल झाला. मावशीचे यजमान दिवसभर तंबाखू चघळीत, जेवणाची वेळ पाळीत नसत, आणि पालेभाजीला तर शिवतही नसत. त्यांचे मात्र सर्वांनी सांत्वन केले. पुढे मावशीला दोन धडधाकट मुले झाली. तरी मरेपर्यंत तिने पपईची फोड तोंडात घातली नाही. ते मूल का गेले, हे सांगण्यास तेव्हा कोणी समर्थ नव्हते, आणि आजही मी ते सांगू शकणार नाही. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी आईच का उभी राहिली, हा प्रश्न मला आजवर सुटलेला नाही.

याला शास्त्राचाही थोडा आधार होता, हे कबूल केले पाहिजे. 1880 च्या दशकात ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने पाच पिढ्यांपर्यंत उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. तरी पिल्ले शेपटीसकटच जन्मली. शरीरावर जे गुदरते ते जननपेशींपर्यंत पोचत नाही, असा त्याचा सिद्धांत होता. म्हणजे बाप हा केवळ टपालवाला! पूर्वजांकडून आलेला मोहरबंद लखोटा पुढच्या दारी टाकला, की त्याचे काम संपले. त्याने वाटेत काय खाल्ले, याच्याशी लखोट्यातील मजकुराचा संबंध काय?

अलीकडच्या संशोधनाने या लखोट्याची मोहर थोडी सैल केली आहे. स्वीडनच्या अगदी उत्तरेस ओव्हरकालिक्स नावाचा एक परगणा आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे एखाद्या वर्षी धान्याची रेलचेल होई, तर एखाद्या वर्षी उपासमार. पिकांच्या आणि जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी ताडून पाहता बायग्रेन, काटी व पेम्ब्री या संशोधकांना एक नवल आढळले. ज्यांच्या वडिलांच्या वडिलांना वयाच्या नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास अन्नाची चंगळ लाभली होती, त्या नातवंडांत मधुमेहाने येणारे मृत्यू अधिक होते. आजोबांनी मनसोक्त खावे आणि त्याची किंमत नातवाने मोजावी, असा हा हिशेब!

2010 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नर उंदरांना भरपूर स्निग्ध आहार दिला. त्यांच्या लेकींच्या शरीरात इन्सुलिनचे कार्य बिघडलेले दिसले. त्यांच्या आयांचा आहार मात्र साधा होता. 2013 साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात फोलेट या जीवनसत्त्वाला जन्मभर आचवलेल्या नर उंदरांच्या पिल्लांत व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले. हे फोलेट म्हणजे आपल्या पालकात आणि हरभऱ्यात असते तेच. लखोट्यातील अक्षरे आहाराने बदलत नाहीत. परंतु कोणता परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि कोणता मनातल्या मनात, याच्या समासातील खुणा बदलतात, असे या लोकांचे म्हणणे आहे. 2019 साली स्वीडनमध्ये पंधरा निरोगी तरुणांना आठवडाभर जादा साखर खाऊ घातली, तेव्हा त्यांच्या शुक्रपेशींतील आरएनएच्या बारीक तुकड्यांत फरक पडल्याचे दिसून आले. शुक्रपेशी घडून तयार होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. अर्थात बापाचे पथ्य डोहाळजेवणाच्या दिवशी सुरू करून उपयोग नाही; तेव्हा ती वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट अगदीच परकी नव्हती. चरकसंहितेत गर्भाधानापूर्वी पुरुषाला तूप व दूध, आणि स्त्रीला तेल व उडीद, असा आहार सांगितला आहे. बृहदारण्यक उपनिषदात तर जसे अपत्य हवे तसा भात शिजवून खाण्यास सांगितले आहे; विदुषी कन्या हवी असेल तर तिळाचा भात! आणि तेथील खाण्याचे क्रियापद द्विवचनी आहे. तो भात दोघांनी खायचा. म्हणून आधुनिक शास्त्र आमच्या पोथीत आधीच होते, अशी बढाई मला मारावयाची नाही. त्यांची कारणे निराळी, यांची निराळी. मात्र ते द्विवचन आमच्या माजघरात येईपर्यंत एकवचन कसे झाले, याचे मला आश्चर्य वाटते.

येथे एक सावधगिरी हवी. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि स्वीडनमधील नोंदी काही शेकडा माणसांच्याच आहेत. आईच्या आहाराचे महत्त्व याने तिळमात्र कमी होत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासाने ते चांगलेच दाखवून दिले आहे. शिवाय अशा शोधांवरून एखाद्या विशिष्ट मुलाचे दुखणे विशिष्ट बापाच्या वड्यांवर ढकलता येणार नाही. मावशीची जागा तिच्या यजमानांना देऊन न्याय होणार नाही. पिंजराच मोडला पाहिजे. दोष वाटून घेण्यापेक्षा काळजी वाटून घेणे बरे.

हे सारे मी आमच्या सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितले आणि पुरुषांचेही एक डोहाळजेवण, तीन महिने आधी, करावे अशी सूचना केली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "अहो, सूचना उत्तम आहे. पण त्या जेवणाची भाजी कोणी निवडायची, ते तेवढे आधी ठरवा."